शिपायाची झोंप आणि सरकारचें पेन्शन

भारतीय युद्धाच्या चौदाव्या दिवशीं सूर्य मावळल्यावरहि लढाई थांबली नाहीं. जयद्रथाच्या वधानें पेटलेलें वैर मशालींच्या उजेडांत तसेंच पुढें चाललें. आणि रात्र चढतां चढतां दोन्ही दळांतील शिपाई उभ्या उभ्या पेंगूं लागले, हातांतलीं शस्त्रें गळूं लागलीं, आपला कोण व परका कोण हें झोंपेच्या गुंगींत कळेनासें झालें. तेव्हां अर्जुनानें सर्वांस ऐकूं जाईल अशा आवाजांत सांगितलें कीं, चंद्र उगवेपर्यंत सर्वांनीं रणभूमीवरच घटकाभर झोंप घ्यावी. द्रोणपर्वांत वर्णन आहे कीं, हे शब्द ऐकून शत्रूकडील शिपायांनींहि अर्जुनास आशीर्वाद दिले, आणि हत्ती, घोडे व माणसें जेथल्या तेथें निजलीं. ज्यास गुडाकेश, म्हणजे निद्रा जिंकणारा, असें नांव, त्यालाच दुसऱ्याच्या झोंपेची किंमत कळावी ह्यांत व्यासांचें मार्मिकपण आहे. पुढें चारच दिवसांनीं ह्याची दुसरी बाजूहि आपणांस दिसते. सौप्तिकपर्वांत दोघे सोबती वडाखालीं गाढ झोंपले असतां एकट्या अश्वत्थाम्याचा डोळा लागत नाहीं. आणि त्या न झोंपलेल्या मनुष्याच्या हातून त्या रात्रीं जें घडलें तें सर्वांस ठाऊक आहे.

युद्ध आणि निद्रा ह्यांचें नातें असें जुनें आहे. परंतु युद्ध संपून शिपाई घरीं आल्यावरहि त्याची झोंप परत आली नाहीं, तर तिची भरपाई कोणी करावयाची? आणि भरपाई नाकारली गेली, तर दाद कोठें मागावयाची? हा प्रश्न मात्र फार अलीकडचा आहे, व त्याचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगितलेला नाहीं. मला तो शोधावासा वाटला त्यास एक प्रसंग कारण झाला.

परंडा हें आमचें मूळ गांव. पूर्वींच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्याच्या पश्चिमेकडील हें गांव ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस तेथील भुईकोट किल्ला आठवत असेलच. दुहेरी तट, भोंवतीं खंदक आणि बुरुजांवर अजून पडून असलेल्या तोफा. इ. स. १६०० मध्यें मोगलांनीं अहमदनगर घेतल्यावर निजामशाहीची राजधानी कांहीं काळ येथें होती. विजापुरास गेलेला प्रवासी जी ‘मुलूखमैदान’ तोफ पाहून थक्क होतो, ती १५४९ मध्यें ओतलेली निजामशाही तोफ आधीं परंड्यास होती, आणि १६३२ मध्यें मुरार जगदेवानें ती येथून विजापुरास नेली. तिचें वजन सुमारें ५५ टन भरतें. तिच्याविषयीं अशी कथा सांगतात कीं, गोलंदाजानें बत्ती देतांच शेजारच्या पाण्याच्या हौदांत उडी घेऊन डोकें बुडवावें, नाहींतर कान गेलेच म्हणून समजावें. लहानपणीं ह्या कथेची मला गंमत वाटे. आतां वाटतें कीं, तिच्यांत एक शहाणपण आहे. तोफेचा त्रास शत्रूसच होतो असें नाहीं, ती डागणाऱ्यासहि होतो, हें लोकांनीं ओळखलें होतें. आणि त्यावरचा उपाय राजानें तोफेशेजारींच करून ठेवला पाहिजे अशी त्यांची अपेक्षा होती.

गेल्या दिवाळीच्या सुटींत परंड्यास गेलों असतां माझ्या वडील बंधूंचे एक वर्गमित्र घरीं आले. तोफखान्यांत चोवीस वर्षें नोकरी करून २००६ मध्यें ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. १९९९ च्या कारगिलच्या युद्धांत ते तोफेवर होते. बांधा उंच, मिशा पांढऱ्या, बोलणें मोजकें. त्यांनीं पिशवींतून घड्यांवर झिजलेला एक इंग्रजी कागद काढला आणि म्हणाले, “सर, एवढा कागद वाचून सांगा. भारताच्या घटनेत माझ्या झोपेबद्दल काय लिहिलंय?”

मला प्रथम कांहींच उमगेना. कागद निवृत्तीच्या वेळीं बसलेल्या वैद्यकीय मंडळाचा होता. विकार : झोंपेचा. प्रमाण : वीस टक्के. मुदत : आजन्म. पुढें दोन प्रश्न होते. हा विकार लष्करी नोकरीमुळें उद्भवला काय? नाहीं. नोकरीनें तो बळावला काय? नाहीं. आणि कारणाच्या रकान्यांत एकच शब्द लिहिला होता : ‘कॉन्स्टिट्यूशनल’. येथें त्या शब्दाचा अर्थ राज्यघटनेशीं संबंधित असा नसून, ज्याच्या त्याच्या शरीराच्या घडणींतला, जन्मजात प्रकृतीचा, असा आहे, हें मीं त्यांस समजावून सांगितलें. ते हंसले नाहींत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “म्हणजे दोष माझ्या अंगातच होता म्हणायचं. मग भरती करताना कसा दिसला नाही?”

ह्या एका प्रश्नांत सबंध कायदा आहे, हें मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें.

शिपायाच्या जखमेची भरपाई ही कल्पना आपल्या देशांत इंग्रजांनीं आणली असें नव्हे. कृष्णाजी अनंत सभासदानें जिंजीस लिहिलेल्या बखरींत अफझलखानाच्या वधानंतर, म्हणजे १६५९ मध्यें, शिवाजी महाराजांनीं काय केलें तें नमूद आहे. पडलेल्या लोकांच्या मुलांस चालविलें, ज्यांस पुत्र नाहीं त्यांच्या बायकांस निम्में वेतन दिलें, आणि जखमी लोकांस जखम पाहून दोनशें, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन दिले. पेशवाईच्या दप्तरांत रणांत पडलेल्यांच्या मुलांच्या पोषणासाठीं ‘बालपरवेशी’च्या नेमणुका सांपडतात. पुढें ह्याच मुलुखावर एक विलक्षण प्रसंग आला. हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठीं १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवकडील मुलूख कंपनीकडे लावून दिला; त्यांतील रायचूर व धाराशिव १८६० मध्यें परत मिळाले. म्हणजे शिपायांचा पगार भागावा म्हणून आमच्या जिल्ह्याची जमीन सात वर्षें गहाण पडली होती असें म्हणावयास हरकत नाहीं. शिपायाचें देणें हें राज्यावरचें पहिलें देणें होय, ही गोष्ट येथील मातीस नवी नाहीं.

परंतु सभासदाच्या हकीकतींतील एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. होन दिले ते जखम पाहून. तुटलेला हात दिसतो, फुटलेला डोळा दिसतो; त्यांची प्रतवारी लावतां येते. झोंपेचें काय? ती जखम कोणास दिसत नाहीं. ती दिसते फक्त रात्रीं, आणि ती पाहणारें मनुष्य बहुधा एकच असतें, शिपायाची बायको. तिची साक्ष कोणत्याहि सरकारी रकान्यांत बसत नव्हती.

ही न दिसणारी जखम प्रथम सरकारच्या दृष्टीस पडली ती पहिल्या महायुद्धांत. फेब्रुवारी १९१५ मध्यें चार्ल्स मायर्स नांवाच्या डॉक्टरानें ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत ‘शेल शॉक’ हा शब्द वापरून तीन शिपायांची हकीकत छापली, आणि लवकरच तो शब्द सर्वतोमुखीं झाला. अंगावर ओरखडाहि नाहीं, पण वाचा बसली आहे, हातपाय कांपत आहेत, झोंप उडाली आहे, अशीं माणसें हजारोंनीं रुग्णालयांत येऊं लागलीं. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे एक होते. नीलगिरींतील तोडा लोकांवर १९०६ मध्यें ग्रंथ लिहिणारे मानववंशशास्त्रज्ञ तेच हे. त्यांना असें आढळून आलें कीं, जो शिपाई दिवसां रणांतल्या आठवणी मनांतून हांकलून देण्याची शिकस्त करतो, त्याच्यावरच त्या रात्रीं स्वप्नांतून चाल करून येतात. म्हणजे ‘सर्व विसरून जा’ हा जो उपदेश घरचे लोक व डॉक्टर प्रेमानें करीत, तोच त्या बिचाऱ्याची झोंप मोडीत होता.

त्याच काळांत मेसोपोटेमियांत कुट येथें डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळजवळ पांच महिने, सहावी पुणें डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली होती. तींत १०३, ११० व ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आल्यावर घोडे कापून खाण्याची पाळी आली. आमच्या शिपायांनीं धर्माच्या भीतीनें पुष्कळ दिवस तें मांस शिवलें नाहीं, आणि त्यांच्यांत स्कर्व्ही पसरली. शेवटीं शरणागति व कैद. त्यांतून जे जगले व गांवीं परतले, ते रात्रीं कसे निजत असत? आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढींत ‘लढाईवरून आल्यापासून त्याच्यांत वारें शिरलें’ असें ज्यांच्याविषयीं म्हणत, त्यांतले कित्येक असे असतील. घरच्या माणसांनीं त्यांच्यासाठीं देवऋषी पाहिला, अंगारे लावले. सरकारकडे मात्र कोणी गेलें नाहीं, कारण ही सरकारकडे नेण्यासारखी गोष्ट आहे हेंच कोणास माहीत नव्हतें.

इंग्लंडांतहि सरकारचें मन लगेच वळलें असें नाहीं. १९२२ मध्यें शेल शॉकची चौकशी करणाऱ्या समितीनें अशा आजाऱ्यांस रणांतील जखमी म्हणून धरूं नये असाच अभिप्राय दिला. लोकांस बळ मिळालें तें दुसऱ्या बाजूनें, अपिलाच्या हक्कानें. १९१९ मध्यें पेन्शन नाकारलेल्या शिपायास स्वतंत्र न्यायमंडळापुढें जाण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला. आणि १९४३ मध्यें, दुसरें महायुद्ध चालू असतां, त्याहून मोठी गोष्ट घडली. आपला विकार नोकरीमुळें झाला हें शिपायानें सिद्ध करावें, हा जुना नियम उलटा झाला. भरतीच्या वेळीं धडधाकट म्हणून घेतलेला मनुष्य आजारी होऊन बाहेर पडला, तर तो आजार नोकरीमुळें नाहीं हें सरकारनें दाखवावें असें ठरलें.

हीं अपिलें ऐकण्यासाठीं १९४५ पासून जे न्यायाधीश नेमले होते ते आल्फ्रेड डेनिंग. ते स्वतः पहिल्या महायुद्धांत लढले होते, आणि त्यांचे दोन भाऊ त्या युद्धाच्या काळांत गेले होते. आपल्याकडील फौजदारी वकिलांस ‘वाजवी संशय’ म्हणजे काय हें सांगण्यासाठीं डेनिंग ह्यांच्या १९४७ च्या ‘मिलर’ निकालाचा आधार घेण्याची जुनी संवय आहे. संशयाची पुसट छायासुद्धां उरूं नये इतका पुरावा कायदा मागत नाहीं, दूरची नुसती शक्यता सोडून द्यावी, असें त्या विवेचनाचें सार आहे. परंतु तो खटला खुनाचा नव्हता, दरोड्याचाहि नव्हता. तो होता एका दिवंगत सैनिकाच्या पत्नीनें पेन्शनसाठीं केलेल्या अपिलाचा. आरोपीस संशयाचा फायदा द्यावा हें आपण शाळेंत शिकतों. शिपायासहि तो द्यावा हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें.

आतां थोडें वैद्यकाकडे वळूं. चरकानें आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. तथापि झोंपेच्या आंत काय चालतें हें पाहण्याची सोय माणसास अलीकडेच झाली. स्वप्नें पडत असतां बंद पापण्यांखालीं डोळे भराभर हलतात हें १९५३ मध्यें शिकागो येथें उघडकीस आलें. झोंपेंत घशाची वाट मिटून श्वास पुन्हां पुन्हां अडतो, मनुष्य गुदमरून क्षणभर जागा होतो व त्याला त्याची आठवणहि राहत नाहीं, ह्या विकाराचें नीट वर्णन फ्रान्स व जर्मनींतील संशोधकांनीं १९६५ मध्यें केलें. आणि नाकावर मुखवटा बसवून हवेच्या दाबानें ती वाट उघडी ठेवण्याचें यंत्र १९८१ मध्यें ऑस्ट्रेलियांत कॉलिन सलिव्हन ह्यांनीं पुढें आणलें. युद्धाच्या धक्क्यानें वर्षानुवर्षें टिकणारी दुःस्वप्नें व निद्रानाश ह्यांस अमेरिकेंतील मानसरोगतज्ज्ञांच्या अधिकृत यादींत स्वतंत्र रोगाचें स्थान मिळालें तें १९८० मध्यें. ह्या तारखा मीं मुद्दाम सांगितल्या. पेन्शनचा न्याय शिपायाच्या नोकरीच्या कागदांवरून होतो. आणि ज्या रोगास नांवच नव्हतें तो कागदावर कोठून येणार? १९६० मध्यें निवृत्त झालेल्या शिपायाच्या कागदांत ‘झोंपेंत श्वास अडतो’ अशी नोंद शोधणें म्हणजे शिवकालीन पत्रांत आगगाडीचें वेळापत्रक शोधण्यासारखें आहे.

अमेरिकेनें ह्या बाबतींत बारीक मोजमाप केलें. तेथें १९९६ पासून श्वास अडण्याच्या निद्राविकारास माजी सैनिकांच्या अपंगत्वाच्या कोष्टकांत स्वतंत्र घर दिलें गेलें. नुसता विकार असून त्रास नसेल तर शून्य, दिवसां सतत पेंग येत असेल तर तीस, श्वासाचें यंत्र लावावें लागत असेल तर पन्नास, आणि श्वसनच निकामी होत असेल तर शंभर टक्के, अशी ती प्रतवारी ठरली. सभासदाच्या बखरींतील दोनशें, शंभर, पन्नास, पंचवीस होनांची ज्यांस आठवण होईल त्यांस ही पद्धत अगदींच परकी वाटणार नाहीं. परंतु तेथेंहि नकाराचीं पत्रें येतात. रोगाचें निदान, नोकरींतील घटना, आणि त्या दोहोंस जोडणारा दुवा, ह्या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. आणि अडतें तें बहुधा तिसऱ्यापाशीं. विशेष म्हणजे १९३३ पासून १९८८ पर्यंत तेथील शिपायास पेन्शनसाठीं सरकारी मंडळापलीकडे न्यायालयाचें दार जवळजवळ बंदच होतें. १९८८ च्या कायद्यानें त्यासाठीं स्वतंत्र न्यायालय स्थापन झालें. २०१७ च्या कायद्यानें, जो फेब्रुवारी २०१९ पासून अमलांत आला, नकार मिळालेल्यास तीन वाटा मिळाल्या : नवा पुरावा जोडून पुन्हां अर्ज करावा, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून जुन्याच कागदांची फेरतपासणी मागावी, किंवा अपील मंडळाकडे जावें.

आपल्या देशांतील जुने नियम वाचतांना मला आश्चर्य वाटलें, कारण ते कागदावर अमेरिकेहून अधिक उदार होते. १९८२ च्या नियमांत स्पष्ट आहे कीं, भरतीच्या वेळीं ज्याच्या कागदांवर कोणत्याहि व्यंगाची नोंद नाहीं तो त्या वेळीं शरीरानें व मनानें निरोगी होता असें मानावें. पुढें वैद्यकीय कारणासाठीं तो नोकरींतून बाहेर पडला तर प्रकृतीचा बिघाड नोकरीमुळें झाला असें धरावें. आपला हक्क सिद्ध करण्याचें ओझें त्याच्यावर टाकूं नये. आणि वाजवी संशयाचा फायदा त्यास द्यावा, रणक्षेत्रांत नोकरी केलेल्यास तर अधिक सढळपणें द्यावा. हा रोग भरतीच्या तपासणींत दिसण्यासारखा नव्हता असें डॉक्टरांचें मत असेल, तर त्यांनीं त्याचीं कारणें लिहावीं.

कारणें लिहावीं, ह्या दोन शब्दांवर सगळें अवलंबून होतें. आणि नेमके तेच शब्द वर्षानुवर्षें पाळले गेले नाहींत. धरमवीर सिंग नांवाचा सिग्नल दलांतील शिपाई १९८५ मध्यें भरती झाला व १९९४ मध्यें फेफऱ्याच्या विकारामुळें वीस टक्के अपंग ठरवून घरीं पाठविला गेला. मंडळानें त्याच्या कागदावरहि ‘कॉन्स्टिट्यूशनल’ ह्याच जातीचा शेरा मारला होता. उच्च न्यायालयांत एका न्यायमूर्तींनीं त्यास पेन्शन दिलें, खंडपीठानें तें काढून घेतलें, आणि अखेर जुलै २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें परत दिलें. न्यायालयाचें म्हणणें थोडक्यांत असें : भरती करतांना रोगाची नोंद नाहीं, आणि तो आधींपासून होता असें म्हणण्यास मंडळानें कारण दिलेलें नाहीं, तर मग संशयाचा फायदा शिपायास मिळालाच पाहिजे. परंड्याच्या हवालदारांनीं माझ्या ओसरीवर विचारलेला प्रश्न हाच नव्हता काय? पुढें २०१५ मध्यें राजबीर सिंग ह्यांच्या व इतर प्रकरणांत न्यायालयानें हेंच तत्त्व पुन्हां सांगितलें. आणि २०२५ मध्यें राजुमोन ह्यांच्या प्रकरणांत मानसिक रोगासंबंधींहि बजावलें कीं, कारणांवांचून दिलेल्या वैद्यकीय अभिप्रायावर पेन्शन नाकारतां येणार नाहीं.

दाद मागण्याचा मार्गहि आतां पूर्वींपेक्षां जवळ आला आहे. पहिलें अपील व त्यानंतर दुसरें अपील लष्करी खात्याच्याच समित्यांपुढें, प्रत्येकी सहा महिन्यांच्या आंत करावयाचें असतें. त्यापुढें पूर्वीं उच्च न्यायालयाखेरीज गति नव्हती. २००७ च्या कायद्यानें सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झालें, २००९ च्या ऑगस्टपासून तें काम करूं लागलें, आणि त्याचें एक पीठ मुंबईस आहे. मुदत टळून गेलेल्यांसहि अगदींच दार बंद नाहीं. पेन्शन न देणें ही दरमहा नव्यानें घडणारी चूक आहे, तेव्हां उशीर झाला तरी दावा चालूं शकतो, मात्र मागील थकबाकी बहुधा तीन वर्षांपुरतीच मिळेल, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ मध्यें तरसेम सिंग ह्यांच्या प्रकरणांत म्हटलें आहे. रकमेचेंहि सांगतों, कारण मध्यमवर्गीय घरांत त्यावांचून कोणताहि हिशेब पुरा होत नाहीं. शंभर टक्के अपंगत्वास शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, ह्या प्रमाणानें वीस टक्क्यांस शेंकडा सहा येतात. परंतु पन्नासाच्या आंतील अपंगत्व पन्नास धरावें ह्या नियमाचा लाभ मिळाला तर ते पंधरा होतात. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांसहि हा लाभ द्यावा असा निकाल डिसेंबर २०१४ मध्यें राम अवतार ह्यांच्या प्रकरणांत लागला.

येथें दुसरी बाजू न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. प्रत्येक न झोंपणारा मनुष्य युद्धामुळेंच झोंपत नाहीं असें थोडेंच आहे? श्वास अडण्याच्या विकारास वाढलेलें वजन, गळ्याची ठेवण व वय हीं मोठीं कारणें आहेत, आणि तीं जशीं हवालदारास लागू आहेत तशीं प्राध्यापकासहि. २०१९ मध्यें नरसिंग यादव ह्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें पेन्शन नाकारलें, तें अशासाठीं कीं, कांहीं मानसिक रोग भरतीच्या वेळीं सुप्त असतात व कोणत्याहि तपासणींत दिसत नाहींत, तेव्हां केवळ नोंद नव्हती म्हणून नोकरीस दोष देतां येत नाहीं. सरकारी खजिना हा अखेर लोकांचाच आहे, आणि खोट्या दाव्यानें जो पैसा जातो तो खऱ्या अपंगाच्या ताटांतून जातो. २०२३ मध्यें नवे नियम आले, त्यांमागेंहि हीच काळजी होती असें सरकारचें म्हणणें आहे.

माझ्या मतें ह्या दोन बाजूंत वाटतो तितका विरोध नाहीं. एका निकालांत पेन्शन मिळालें, दुसऱ्यांत नाहीं. परंतु दोहोंत न्यायालयानें पाहिलें तें एकच : मंडळानें विचार करून सकारण उत्तर दिलें आहे काय? शिपाई दान मागत नाहीं. चोवीस वर्षें ज्यानें सरकारच्या सांगण्यावरून रात्रीं जागून काढल्या, त्याच्या न येणाऱ्या झोंपेविषयीं सरकारनें एका शब्दाऐवजीं चार वाक्यें लिहावीं, एवढेंच तो मागतो. त्या चार वाक्यांत ‘नाहीं’ असेल तर तेंहि तो ऐकून घेईल. रागानें ऐकेल, पण ऐकेल. एका शब्दाचा शेरा मात्र त्यास असें सांगतो कीं, तूं जन्मतःच मोडका होतास, आम्हांस उशिरां कळलें. ही भरपाई नाकारणें नव्हे, हा अपमान आहे.

त्या सुटींत आम्ही तीन दिवस बसून अपील लिहिलें. हवालदारांच्या घरीं मी गेलों तेव्हां वहिनींनीं प्रथम कांहींच सांगितलें नाहीं, चहा झाल्यावर, ते बाहेर गेलेले पाहून, म्हणाल्या, “रात्री दोनच्या सुमाराला ओरडून उठतात. मग अंगणात बसून राहतात. मी विचारत नाही आता. आणि कधी कधी श्वासच थांबतो. मी हलवते, मग घेतात.” ह्यांत दोन निराळे विकार एकत्र आहेत हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. ओरडून उठणें हें रणाचें देणें असूं शकेल. श्वास थांबणें हें कदाचित् वयाचें व वजनाचें असेल. सोलापूरच्या डॉक्टरांनीं अलीकडेच रात्रभराची तपासणी करून श्वासाचा विकार आहे असें लिहून दिलें होतें. दोन्ही एकाच पोत्यांत भरून नोकरीच्या माथीं मारावीं असा मोह झाला नाहीं असें नाहीं. परंतु हवालदार म्हणाले, “सर, जे माझं आहे तेवढंच लिहा.” तेव्हां आम्ही दोन्ही वेगळीं लिहिलीं. भरतीच्या वेळच्या कागदाची प्रत जोडली. तींत कोणत्याहि व्यंगाची नोंद नाहीं. कोणत्या वर्षीं कोठें नेमणूक होती तें लिहिलें. पलटणीच्या डॉक्टरानें २००१ मध्यें झोंपेसाठीं दिलेल्या गोळ्यांची चिठ्ठी त्यांच्या ट्रंकेंत सांपडली, तीहि जोडली. वहिनींचें म्हणणें त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलें व त्याखालीं त्यांनीं सही केली. सभासदाच्या काळीं ज्या साक्षीस जागा नव्हती ती निदान एका कागदावर तरी चढली. शेवटीं एकच विनंति केली : पूर्वींच्या मंडळानें ‘कॉन्स्टिट्यूशनल’ असें कां लिहिलें, त्याचीं कारणें कळावीं.

अपील गेलें आहे. उत्तर अजून नाहीं. तें आल्यावर काय करावयाचें, मुंबईच्या पीठापुढें जावयाचें कीं नाहीं, हें त्या वेळीं ठरवूं.

निघण्याच्या दिवशीं पहाटे मी किल्ल्याकडे फिरावयास गेलों. खंदकावरच्या पुलापाशीं हवालदार आधींच येऊन बसले होते. आंत गेलों. बुरुजावरच्या एका तोफेच्या तोंडांत चिमण्यांनीं काड्या भरल्या होत्या. मीं त्यांस ‘मुलूखमैदान’ची व हौदाची कथा सांगितली. त्यांनीं ती पूर्वीं ऐकलेली नव्हती. तोफेवर हात फिरवीत ते म्हणाले, “आम्ही कानांत कापूस घालत होतो. त्या वेळी तेवढंच पुरेसं वाटायचं.” नंतर उजाडूं लागलें, तसे ते म्हशीची धार काढावयाची आहे म्हणून घराकडे गेले.